नटासाठी रडू आलं आणि दादाशी बोलणं बंद झालं

आधी पत्र देते. थोडं कापलंय, आणि त्या नटांचं नाव मी मुद्दाम काढलंय, कारण नाव छापलं की निम्मे लोक पत्र सोडून त्या नावावरच बोलायला लागतील.

"ताई, मी ४३ वर्षांची, कोथरूडला राहते, बँकेत आहे. गेल्या महिन्यात ते गेले. मी लहानपणापासून बाबांबरोबर बालगंधर्वला, भरतला त्यांची नाटकं बघत आले. बातमी ऑफिसात कळली आणि मी वॉशरूममध्ये जाऊन रडले. घरी आल्यावर आमच्या फॅमिली ग्रुपवर त्यांचा फोटो आणि चार ओळी टाकल्या. पाच मिनिटांत दादाने त्यांच्या जुन्या मुलाखतीची क्लिप टाकली, खाली लिहिलं, 'हेही लक्षात ठेवा'. त्या मुलाखतीत ते आंतरधर्मीय लग्नांबद्दल फार वाईट बोलले होते. मलाही ते आवडलं नव्हतं, गेली तीन-चार वर्षं मी त्यांचं काही बघतही नव्हते. पण त्याच दिवशी हे? मी लिहिलं, 'मेलेल्याला तरी सोड, तुझ्यात माणुसकीच उरली नाही'. मग काका, आत्या, चुलत भाऊ सगळे उतरले, विषय पक्षांवर गेला, कोण अंधभक्त कोण चमचा हे झालं, आणि दादा ग्रुप सोडून गेला. तीन आठवडे बोलणं बंद आहे. वहिनी यात काहीच बोलली नाही (तिचं माहेर मुस्लिम आहे, पण ती कधी राजकारणात पडत नाही). गणपती दादाकडे असतो, दरवर्षी मी आदल्या दिवशी जाते. आता जाऊ का? कलाकार आणि माणूस वेगळे ठेवायला नकोत का? आणि खरं सांगायचं तर सासरे दोन वर्षांपूर्वी गेले तेव्हा मी इतकी रडले नव्हते, याची मला लाज वाटते."

अगं, आधी रडण्याचंच बोलू, कारण ते तू सगळ्यात शेवटी लिहिलंयस.

सासरे गेले त्या दोन दिवसांत तू काय काय करत होतीस ते मी इथे कापलंय पण वाचलंय सगळं. रात्री हॉस्पिटलचं बिल, पहाटे वैकुंठ स्मशानभूमीचा पास, नणंदेला स्टेशनवरून आणायला गाडी, आलेल्या माणसांचा चहा, सासूबाईंची बीपीची गोळी. घरात माणूस जातं तेव्हा घरातल्या बाईला रडायला मोकळीक कुठे असते गं? तिच्या हातात यादी असते. त्या नटांच्या वेळी तुझ्या हातात यादी नव्हती, वॉशरूमची कडी लावली आणि बांध फुटला, यात सासऱ्यांवरचं प्रेम कमी कुठून आलं? उलट मला वाटतं त्यातलं थोडं रडू दोन वर्षं थांबलेलंही असेल.

आता तुला सगळे सांगतील की तू त्या नटासाठी नाही, बाबांसाठी रडलीस. नाटकाला बाबा न्यायचे, मध्यंतरात बटाटावडा घ्यायचे, ते सगळं आठवलं म्हणून रडलीस. असेल तेही. पण मला हे उत्तर पूर्ण पटत नाही, त्यात त्या माणसाच्या कामाचा अपमान होतो. तू लिहिलंयस की एका नाटकात ते पाठमोरे उभे राहून नुसते खांदे पाडायचे आणि मागच्या रांगेपर्यंत कळायचं की या माणसाला मुलाचं पत्र आलेलं नाही. ते बाबांनी नाही केलं, त्यांनी केलं. दहा वर्षांच्या मुलीला न बोलता दुःख कसं दिसतं हे त्यांनी दाखवलं, तेव्हा त्यांच्यासाठीही रडू येणारच. १९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी टीव्हीवरच्या माणसांशी प्रेक्षकाचं जे एकतर्फी नातं जुळतं त्यावर पहिल्यांदा नीट लिहिलं, म्हणजे टीव्ही घराघरात शिरत होता तेव्हाच हे लक्षात आलं होतं. नातं एकतर्फी असलं तरी या बाजूचं माणूस तर खरं असतं ना.

मला यातलं पहिलं आठवतं ते स्मिता पाटीलचं. १३ डिसेंबर १९८६. ती आमच्या पुण्यात जन्मलेली, मुंबई दूरदर्शनवर बातम्या द्यायची म्हणून सगळ्यांना घरच्यासारखी, वय ३१, आणि मुलगा जेमतेम दोन आठवड्यांचा. आम्ही तेव्हा सदाशिव पेठेत वाड्यात राहायचो आणि माझी मोठी बहीण बाळंतपणाला आलेली, तिचंही बाळ दहा-बारा दिवसांचं. बातमी आली तेव्हा आईने पहिलं काम काय केलं, तर पेपर उचलला आणि माळ्यावर तांदळाच्या डब्यामागे ठेवला, शेजारच्या बायकांना दारातच थांबवलं, रेडिओचं बटण काढून पदराला बांधलं. बाळंतिणीच्या कानावर जायला नको. बहीण आत शेक घेत पडलेली, बाहेर ओट्यावर पाच बायका तोंडाला पदर लावून रडतायत, आवाज न करता, कारण प्रत्येकीच्या घरात कुणीतरी अशी बाळंतीण होती किंवा होऊन गेली होती. पंधरा दिवसांनी बहिणीला कळलं तेव्हा ती आईवर चिडली, म्हणाली मला का नाही सांगितलंस, माझीच होती ती. माझीच होती, हे शब्द. कधी भेटली नव्हती तिला आयुष्यात.

तेव्हा रडून घे, त्याची लाज सोड.

आता भांडणाचं. ते लागलं याचं मला आश्चर्य नाही वाटलं, ते पाच मिनिटांत लागलं याचं वाईट वाटलं. आपल्याकडे माणूस गेलं की तेरा दिवस असतात. तू बघितलं असशील, पहिले दोन दिवस फक्त चांगलं बोलतात, देवमाणूस होता वगैरे. चौथ्या-पाचव्या दिवशी कुणीतरी आत्या हळूच म्हणते, पण रागीट फार होते हो, वहिनींनी सोसलं, आणि सगळे माना हलवतात, कुणीतरी ताट भिरकावल्याची गोष्ट सांगतं, रडतारडता हसतात. दहाव्याला ओंकारेश्वरावर कावळा शिवेना झाला की मग तर माणसाचं काय राहिलं, कुणाचं देणं होतं, कुणाशी अबोला होता, सगळं बाहेर येतं. म्हणजे वाईट बोलायचंच नाही असं आपल्याकडे कधीच नव्हतं, त्याला जागा होती आणि त्याचा दिवस होता, आणि समोर बसून बोलावं लागायचं. ग्रुपवर हे तेरा दिवस पाच मिनिटांत उरकतात. तुझा पहिला दिवस चालू होता आणि दादाचा सहावा, कारण तो माणूस त्याच्यासाठी मुलाखतीच्या दिवशीच गेला होता.

ही घाई मीही केलीय, आणि ती मला अजून बोचते. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये विक्रम गोखले पुण्यात हॉस्पिटलमध्ये होते. २३ तारखेला बुधवारी रात्री ते गेले अशी बातमी फिरली, मोठमोठ्या लोकांनी श्रद्धांजली टाकली, आणि मीसुद्धा रात्री उशिरा चार ग्रुपवर फोटो टाकला. सकाळी घरच्यांनी सांगितलं की ते आहेत, प्रकृती गंभीर आहे पण आहेत. मी चारही ठिकाणी डिलीट करत बसले, आणि सारखं मनात येत होतं की आत त्यांची बायको, मुली बसल्यायत, फोनवर भावपूर्ण श्रद्धांजली येतेय आणि समोर मशीनवर रेघ चालू आहे. ते गेले शनिवारी, २६ तारखेला. संध्याकाळी बालगंधर्वला दर्शनाला ठेवलं होतं, मी गेले. रांगेत माझ्यापुढे दोन गृहस्थ होते, साधारण साठीचे, दोघं जुने मित्र असावेत. वर्षभरापूर्वीच, २०२१ च्या नोव्हेंबरात, गोखल्यांनी कंगना रनौतच्या, १९४७ चं स्वातंत्र्य म्हणजे भीक होती, या वक्तव्याला पाठिंबा दिला होता आणि केवढा गदारोळ झालेला. त्यातले एक गृहस्थ म्हणाले, माझ्या वडिलांनी बेचाळीसला तुरुंग भोगला, मला ते बोलणं अजून खुपतंय. दुसरे म्हणाले, मग आलास कशाला? ते म्हणाले, त्यांचं 'बॅरिस्टर' नाटक बघितलं होतं ना. एवढंच. आणि रांग पुढे सरकली, त्यांनी चपला काढल्या आणि नमस्कार करून बाहेर आले. मला तेव्हापासून वाटतं की असं जमायला हवं, खुपतंय हेही म्हणायचं आणि रांगेतही उभं राहायचं.

तू विचारतेस कलाकार आणि माणूस वेगळे ठेवायला नकोत का. मला नाही वाटत तसं ठेवता येतं, आणि आपण ठेवतही नाही. आपल्याला आवडणारं राजकारण असलं की तेच आपण श्रद्धांजलीत पहिल्या ओळीत लिहितो. पु. ल. गेले २००० साली, तेव्हापासून आजपर्यंत दर १२ जूनला कुणीतरी आठवण काढतंच की आणीबाणीनंतर १९७७ च्या निवडणुकीत ते प्रचाराच्या सभांना उभे राहिले. निळू फुले पडद्यावर इतके नालायक दिसायचे की बायका त्यांना बघून बोटं मोडायच्या, आणि २००९ मध्ये ते गेले तेव्हा सगळीकडे काय लिहून आलं, तर राष्ट्र सेवा दलाचा साधा, सज्जन कार्यकर्ता. डॉ. लागूंनी 'देवाला रिटायर करा' असं सरळ लिहिलं, आणि आमची आई, जी पूजा झाल्याशिवाय पाणी प्यायची नाही, ती त्यांच्यावर महिनाभर चिडून होती, देवघरात बसून तावातावाने बोलायची, आणि तरी त्यांचा सिनेमा लागला की पुढच्या खुर्चीत. तिने त्यांना माफ केलं असं नाही, शेवटपर्यंत म्हणायची, देवाबद्दल ते चुकलेच. पण ते चुकले हे ती त्यांच्या हयातीत म्हणत होती आणि मोठ्याने म्हणत होती, त्यामुळे ते गेल्यावर तिला नवीन काही काढायची गरजच पडली नसती.

तेव्हा चांगलं राजकारण मोजायचं आणि नको ते सोडून द्यायचं, असा हिशोब नाही चालत. दादाने लिहिलेले शब्द, 'हेही लक्षात ठेवा', ते शब्द म्हणून बरोबरच आहेत. त्याची वेळ चुकली असं तुला वाटतं, मलाही थोडं वाटतं. पण त्याच्यात माणुसकी उरली नाही हे तू ४७ माणसांसमोर लिहिलंस, ते मात्र फार झालं गं.

आणि हेही म्हणते की गेलेल्या माणसावरून जे दुसरं राजकारण होतं, त्याच्यात आणि दादाच्या क्लिपमध्ये फरक आहे. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे आपण बघितलेत. सुशांत सिंह राजपूत १४ जून २०२० ला गेला, आणि पुढचे कितीतरी महिने चॅनेलवर दुसरं काही नव्हतं, बाहेर कोरोनाने माणसं मरतायत आणि इथे त्याच्या खोलीतल्या पंख्याची उंची मोजतायत. बिहारच्या निवडणुकीच्या तोंडावर त्याच्या फोटोचे स्टिकर निघाले. त्याच्या मैत्रिणीला सगळ्या देशाने आधीच दोषी ठरवून टाकलं, ती तुरुंगात राहून आली, आणि ऑक्टोबरात एम्सच्या डॉक्टरांनी खुनाची शक्यता नाकारली तोवर लोकांचं मत बनून गेलं होतं. सीबीआयने शेवटी प्रकरण बंद करायचा अहवाल दिला तो मार्च २०२५ मध्ये, तेव्हा कुणी त्या मुलीची माफी मागायला स्टुडिओत बसलेलं मला दिसलं नाही. लताबाई गेल्या त्या ६ फेब्रुवारीच्या रात्रीसुद्धा, शिवाजी पार्कवर शाहरुखने हात उचलून दुआ मागितली, फुंकर घातली, आणि ती फुंकर होती की थुंकला यावर लोक भांडत बसले. आपल्या चौकात बघ, भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो, गेलेल्याचा फोटो एक आणि खाली शोकाकुल म्हणून बावीस, त्यातले अर्धे येत्या निवडणुकीतले इच्छुक. हे सगळं परक्याच्या मरणातून आपलं काहीतरी काढून घेणं आहे. दादाला त्या क्लिपमधून काय मिळणार होतं? काहीच नाही. त्याला काहीतरी लागलेलं होतं म्हणून त्याने ती टाकली.

आणि आता ज्यासाठी मी तुझं पत्र निवडलं ते सांगते. तू लिहिलंयस, "तिचं माहेर मुस्लिम आहे, पण ती कधी राजकारणात पडत नाही." कंसात लिहिलंयस. मी तुझं पत्र चार वेळा वाचलं आणि प्रत्येक वेळी त्या कंसाशी अडकले.

अगं, तो नट आंतरधर्मीय लग्नांबद्दल वाईट बोलला, म्हणजे तुझ्या वहिनीबद्दल बोलला. तुला ते राजकारण वाटलं, आवडलं नाही, चॅनेल बदललंस, त्याचं बघणं सोडलंस. तिला चॅनेल बदलून कुठे जाता येणार होतं? ती त्या लग्नात राहते, त्या सोसायटीत भाजी घेते, तिची मुलगी शाळेत ते नाव लावून जाते. मुलाखत आली तेव्हा लिफ्टमध्ये कुणीतरी तिच्याकडे बघून काहीतरी बोललंच असेल, आणि तिने घरी येऊन दादाला सांगितलं असेल किंवा नसेलही. तू लिहिलंयस की तुमच्या आईकडून उकडीचे मोदक ती शिकली आणि आई गेल्यावर नैवेद्य तीच करते, तुम्ही दोघी आदल्या रात्री बसून खोबरं खवता. मग त्या मुलाखतीच्या वेळी, तीन-चार वर्षांपूर्वी, तू तिला फोन केला होतास का? पत्रात तरी तसं कुठे दिसत नाही. मला वाटतं घरातलं कुणीच तिच्याशी त्यावर बोललं नसणार, सगळ्यांनी ते राजकारण म्हणून बाजूला ठेवलं असणार. आणि मग तो माणूस गेला, आणि तिच्या नणंदेने, जिच्याबरोबर ती खोबरं खवते, त्याचा हसरा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली एकामागोमाग हात जोडलेले इमोजी आले. ती काहीच बोलली नाही म्हणतेस. ती काय बोलणार होती? तिच्या वतीने दादा बोलला, आणि त्याला तू माणुसकी शिकवलीस.

मी तुला दोष द्यायला बसलेले नाही, तू रडत होतीस, दुखावलेली होतीस, आणि त्या दिवशी तुला हे सुचणं अवघड होतं. पण आता तीन आठवडे झालेत.

तर असं कर. दादाला आधी फोन करू नकोस, तो घुश्शात असेल, तूही दोन वाक्यांत परत क्लिपवर जाशील. वहिनीला कर. मेसेज नको, फोनच कर, आणि ग्रुपवर माफीनामा वगैरे तर अजिबात नको, काका-आत्या परत उतरतील. तिला सांग की मला तो नट आवडायचा, बाबांमुळे आवडायचा, त्याच्या कामामुळेही आवडायचा, आणि तो तुझ्याबद्दल जे बोलला ते मी ऐकलं होतं आणि तेव्हा तुला विचारलं नाही. बस. पुढे 'पण' लावू नकोस. 'पण त्याच दिवशी दादाने', 'पण मला काय माहीत', असलं काही नाही. ती म्हणेल अगं जाऊ दे, मला काही वाटलं नाही. तेव्हा लगेच सुटल्यासारखं बरं म्हणून फोन ठेवू नकोस, थोडी थांब. कदाचित ती काही सांगेल, लिफ्टमधलं किंवा शाळेतलं, तर ते नुसतं ऐक, त्याला उत्तर नसतं. कदाचित काहीच सांगणार नाही, तेही तिच्या मर्जीवर.

दादाला मग समोर भेट. माणुसकी नाही हा शब्द चुकला एवढं सांग. वेळेबद्दल तुझं म्हणणं असेल तर तेही सांग, ते गिळून टाकायची गरज नाही, फक्त त्या दिवशी तुला काय वाटत होतं ते सांग, म्हणजे वॉशरूममधलं. त्याने तुला रडताना बघितलेलंच नाही, त्याने फक्त फोटो बघितला. तोही त्याच नाटकांना बाबांच्या दुसऱ्या बाजूला बसायचा असं तूच लिहिलंयस, तेव्हा त्या पडलेल्या खांद्यांबद्दल त्याला विचार, त्याला आठवतात का. मला वाटतं त्याला तो माणूस आवडत होता म्हणूनच ती मुलाखत इतकी लागली. न आवडणाऱ्याची क्लिप कुणी इतकी वर्षं फोनमध्ये जपून ठेवत नाही.

त्या नटाची नाटकं पुन्हा बघायची का, हे तू पत्रात मध्येच विचारलंयस. बघ की. एकटीने बघ, हवं तर रड. वहिनीकडे टीव्हीवर लावू नकोस, एवढं पाळ.

ग्रुपवर परत यायला दादाला आत्ता सांगू नकोस, ते राहू दे. गणपतीला जायचं का विचारतेस, तर जायचंच, आणि दरवर्षीसारखं आदल्या दिवशीच. फोन करशील तेव्हा तिला विचार नारळ किती आणू. मंडईतून आणणार असलीस तर सकाळी लवकर जा, त्या दिवशी दहानंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते.